‘प’चा काना

कोर्टात तिला सगळे भिंगवाली म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. जमिनीचा वापर आणि पर्यावरण हा तिचा वकिलीचा विषय. खून-मारामाऱ्यांच्या वकिलांसारखा आवाज चढवायची तिला कधी गरज पडली नाही. नकाशा टेबलावर पसरायचा, पर्समधून पितळी कडीचं भिंग काढायचं आणि समोरच्याला घाम फुटेपर्यंत गप्प बसायचं, ही तिची पद्धत. वकील होण्याआधी सहा वर्षं ती नगररचना खात्याच्या नकाशा शाखेत ट्रेसर होती, सर्वेक्षकाच्या नोंदींवरून नकाशे कापडावर शाईने उतरवणारी. त्यामुळे कागद कुठे खोटं बोलतो ते आपल्याला वासावरून कळतं, असं ती सांगायची. जरा जास्तच सांगायची.

सध्याचं प्रकरण एका दलदलीचं होतं. शहराच्या कडेचा बावीस एकरांचा तुकडा. चढावरून येणारं पाणी तो पिऊन टाकतो, म्हणून उतारावरची वस्ती कोरडी राहते. तिथे भराव घालून गोदामं बांधायला परवानगी मिळाली होती, कारण मंजूर नकाशात त्या तुकड्यावर ‘प.’ असं लिहिलं होतं. प म्हणजे पडीक. सर्वेक्षकाच्या जुन्या वहीत मात्र त्याच तुकड्यापुढे ‘पा.’ होतं. पा म्हणजे पाणथळ. एक काना गेला आणि दलदल पडीक झाली.

“काना काय आपोआप गळतो होय, बाई?” वस्तीतल्या मास्तरांनी विचारलं होतं. ते तिचे अशील.

“आपोआप काही होत नाही, मास्तर. कुठेतरी पाणी मुरतंय.”

कुठे मुरतंय तेही तिने ठरवून टाकलं होतं: खात्याच्या तळघरात, रेकॉर्डकीपरच्या टेबलाखाली. तिने नकाशाची नक्कल मागितली तर त्याने दिलेल्या नकलेत खालचा उजवा कोपरा दुमडून आलेला. मूळ नकाशा दाखवा म्हटलं तर एकदा कपाटाची किल्ली सापडेना, एकदा गुंडाळी बांधणीला गेलेली, तिसऱ्यांदा त्याचं पोट दुखत होतं. आणि बोलणं बघा. ट्रेसर असताना हाच माणूस तिला “पोरी” म्हणून हाक मारायचा, आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून द्यायचा. आता “वकीलसाहेब, वकीलसाहेब” करत नजर चुकवत होता.

तिने प्रतिज्ञापत्रात सरळ लिहून टाकलं: मूळ नकाशा रेकॉर्डकीपरच्या ताब्यात असताना काना ब्लेडने खरवडला गेला. त्याच्यावर खातेनिहाय चौकशी बसली. निवृत्तीला दोन महिने राहिले होते.

“तो माणूस मला कधी लबाड नाही वाटला,” आई जेवताना म्हणाली.

“चोराच्या मनात चांदणं, आई. काही नसतं तर लपवतो कशाला?”

“तुझ्या वडिलांनी तुझं आठवीचं प्रगतिपुस्तक माझ्यापासून वर्षभर लपवलं होतं. ते काय चोर होते?”

आईचं काय, तिला सगळेच साधे वाटतात.

मूळ नकाशा तपासायला देण्याचा कोर्टाचा हुकूम मिळाला, तशी सुनावणीच्या आदल्या दिवशी सकाळी अकराला ती तळघरात जाऊन बसली. रेकॉर्डकीपरने गुंडाळी आणली, उलगडली आणि खालच्या उजव्या कोपऱ्यावर आपला तळहात ठेवून उभा राहिला. तो हात काही उचलेना. तिला बरंच वाटलं.

टेबलावरचा दिवा तिने आडवा वळवला. ट्रेसिंगच्या कापडावरची शाई खरवडली की तिथे बारीक लव उठते. तिरप्या उजेडात ती लपत नाही. तिने भिंग ‘प’वर धरलं. कापड गुळगुळीत होतं. पुन्हा पाहिलं, दिवा दुसऱ्या बाजूला घेतला, पुन्हा पाहिलं. कुणी काही खरवडलं नव्हतं. काना तिथे कधी दिलेलाच नव्हता.

“हात काढा, काका.”

“उद्याची सुनावणी होऊन जाऊ द्या, वकीलसाहेब. कोपऱ्याशी काय काम?”

“हात काढा.”

त्याने हात काढला. कोपऱ्यात अठरा वर्षांपूर्वीची तारीख होती आणि ‘ट्रेस करणार’ या शब्दांपुढे दोन अक्षरी सही. दुसऱ्या अक्षराला लांब शेपटी. हीच सही तिने गेल्या महिन्यात त्या प्रतिज्ञापत्राखाली केली होती.

तारीख पाहताच तिला तो महिना आठवला. कायद्याची शेवटची परीक्षा, नव्वद नकाशे संपवायचे, आणि टेबलाखाली मांडीवर उघडं ठेवलेलं पुस्तक. एक डोळा शाईवर, एक कलमांवर. जगात प्रत्येकावर तिने संशय घेतला होता, एक माणूस सोडून. शरमेने तिचे कान तापले.

“तुम्हाला ठाऊक होतं.”

“नक्कल काढताना दिसलं. म्हटलं, ही सही निघाली की तुला केस सोडावी लागणार. मग त्या वस्तीचं कोण?”

“आणि चौकशी बसली तेव्हा?”

“तेव्हा राग आला,” तो म्हणाला. “फार राग आला. बायको म्हणाली, सांगून मोकळे व्हा. म्हटलं, सुनावणी होऊ दे, मग बघू.”

ती भिंग हातात धरून बसून राहिली. दुसऱ्या पक्षाने मूळ नकाशा मागितलेला नव्हता. गुंडाळी परत कपाटात गेली असती, ‘काना खरवडलाय’ असं भिंगवालीने म्हटलं की बरेचदा न्यायाधीशही मान डोलवत, आणि दलदल कदाचित वाचली असती. या माणसाच्या मानेवर पाय देऊन. हा विचार आपल्याला सुचला, आणि चांगलं अर्धं मिनिट टिकला, याचीच तिला भीती वाटली.

तिने मास्तरांना फोन लावला. “उद्या तुमच्यासाठी दुसरा वकील उभा राहील. मी पिंजऱ्यात असेन, साक्षीला. काना माझ्या हातून राहिला होता.”

“मग त्या रेकॉर्डकीपरवरचा आरोप?” मास्तरांनी विचारलं.

“तो आजच मागे घेते.”

फोन ठेवून तिने प्रमाणित नकलेचा अर्ज ओढला. “या वेळी कोपरा दुमडू नका,” ती म्हणाली. माफी मागायची होती, पण तोंडून एवढंच निघालं. अर्जातला ‘वकील’ हा छापील शब्द तिने खोडला, वर एक शब्द लिहिला आणि खाली सही केली, शेपटीसकट.

रेकॉर्डकीपरने चष्मा लावून अर्ज सावकाश वाचला. मग अर्ज तिच्यापुढे परत सरकवून त्याने त्या शब्दावर बोट ठेवलं.

“पोरी, ‘साक्षीदर’ नव्हे. काना राहिला.”

तिने पेन उचललं आणि काना दिला.