बिनगार्डचा दगड

मित्रांनो, मी एक जुनी, हातानं बनवलेली ग्राइंडिंग अटॅचमेंट आहे. लेथवर, म्हणजे लोखंड फिरवून कातायच्या यंत्रावर, बसायचं आणि फिरता लोखंडी शाफ्ट माझ्या दगडी चाकानं घासून गुळगुळीत करायचा, हे माझं काम.

पनवेलच्या वहाबचाचांनी मला पंपाच्या जुन्या मोटरीपासून घडवलं. नेरे गावच्या शेतकऱ्यांच्या पंपांचे कितीतरी शाफ्ट मी घासले. लोक कौतुक करत आणि चाचा खुलत. दगडावर लोखंडी झाकण, म्हणजे गार्ड, मात्र त्यांनी कधी बसवलं नाही. त्यानं काम दिसत नाही, म्हणायचे.

एका दुपारी माझ्या दगडाचा कपचा उडाला आणि चाचांचा डावा डोळा गेला. घरी त्यांनी सांगितलं, हायवेवर ट्रकच्या चाकाखालून खडी उडाली. पुढे नवा दगड आला, गार्ड आलं नाही. मग वर्कशॉप बंद झालं आणि मी गोणपाटाखाली गंजत पडले.

यंदा विचुंबे गावची मनिषा मला विकत घ्यायचं म्हणून बघायला आली. तिनं नुकतंच स्वतःचं लेथ घेतलं होतं. तिनं माझा स्पिंडल, दगड फिरवणारा दांडा, हातानं हलवून पाहिला.

"बेअरिंग चांगलं आहे, चाचा. काम सुबक केलंय. पण गार्ड?"

"इतकी वर्षं चालवली. कधी काही झालं नाही," चाचा म्हणाले.

मला बोलता येत असतं तर मी तेव्हाच बोलले असते.

तिनं दगड काढून बोटावर टांगला आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हळूच ठोकला. आवाज खणखणीत नाही, बद्द आला. "तडा असेल," ती म्हणाली.

कुवेतहून सुट्टीवर आलेला चाचांचा मुलगा अझहर जवळच उभा होता. "दिसत तर काही नाही. लाव, चालू करून दाखवतो," म्हणत त्यानं स्विचकडे हात नेला.

"थांब," चाचांनी त्याचं मनगट धरलं. "माझा डोळा खडीनं नाही गेला, बेटा. हिच्याच दगडानं गेला. माझ्या हातची चीज लोकांनी वाईट म्हणू नये, म्हणून खोटं बोललो."

अझहर वडिलांच्या शेजारी बाकावर जाऊन बसला.

मनिषानं तो दगड बाजूला ठेवला. "मी हिला नेते, चाचा. पण गार्ड तुम्हीच बनवून द्या."

चार दिवस लागले. चाचांनी जाड पत्रा वाकवला, अझहरनं धरला. आता मी विचुंब्यात, झाकणाखाली नवा दगड घेऊन काम करते.

मित्रांनो, तुमच्या हातची वस्तू दुसऱ्याला देताना तिचं कौतुक जरूर सांगा. पण तिनं कुणाला काय इजा केली, ते आधी सांगा. आम्हा वस्तूंना ते सांगता येत नाही.