ब्युरेट कोणाच्या हातात

सीताबर्डीतल्या एका ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या अरुंधती मॅडमची प्रॅक्टिकलच्या जोड्या लावायची एक पद्धत होती. एक हुशार, एक कच्चा. हुशाराने ब्युरेट, म्हणजे थेंब मोजून सोडायची तोटीची काचनळी, धरायची, कच्च्याने वाचनं लिहायची. काच कमी फुटे आणि सगळ्यांच्या जर्नलमध्ये उत्तर बरोबर येई. यात कच्च्या मुलांचं भलंच आहे, असं त्या मानत.

बारावीचं बोर्डाचं प्रॅक्टिकल तोंडावर आलं असताना हुशारांमधला अर्णव एक दिवस आला नाही. पारशिवनीहून बसने येणारी त्याची जोडीदार मिनल ब्युरेटसमोर एकटी उभी राहिली.

"शेजारच्यांचं वाचन उतरवून घे," मॅडम म्हणाल्या.

"मी करू का, मॅडम? बोर्डाले तर एकटीनंच करा लागते."

"तेव्हा मी असेन ना. बाहेरून येणाऱ्या परीक्षक सरांना सांगू. तू नको काळजी करू."

मिनलने तरीही तोटी फिरवली. खालच्या फ्लास्कमध्ये फिका गुलाबी रंग येताच थांबायचं असतं. फ्लास्क गडद जांभळा झाला.

"जांभळाचं सरबत!" मागच्या टेबलावरून अंकित ओरडला. तोही लिहिणाराच.

"बघ, म्हणूनच सांगत होते," मॅडम म्हणाल्या. "हे सगळ्यांच्या हातात नसतं."

मिनलचे कान लाल झाले. "अर्णवचंबी पहिले असंच होत होतं, मॅडम. त्याचे फ्लास्क मीच धुवत होती ना. तुमी त्याले म्हणत होते, हळू सोड, पुन्हा कर, जमेल. मले कधी म्हणालेच नाही."

मॅडमना आठवलं. अर्णवच्या शेजारी त्या तासन्‌तास उभ्या राहिल्या होत्या. मिनलला वर्षभरात एवढंच म्हणाल्या होत्या, की अक्षर छान आहे.

त्या मिनलच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"तोटी डाव्या हाताने धर," त्या म्हणाल्या. "शेवटी थेंब थेंब. पुन्हा कर."

दुसरा फ्लास्कही बिघडला. तिसऱ्याचा रंग फिक्या गुलाबीच्या जवळ आला.

"दोन-तीन थेंब जास्त पडले," मिनल स्वतःच म्हणाली.

"मग आता कोणत्या रेघेपासून हळू सोडशील?"

मिनलने ब्युरेटवरच्या रेघेवर बोट ठेवलं. बोट बरोबर जागी होतं.

तास संपताना मॅडमनी सांगितलं, "उद्यापासून लिहिणाऱ्यांनी ब्युरेट धरायची."



"काहून, मॅडम?" अंकितने विचारलं. या वेळी तो मस्करी करत नव्हता. "आमचं काही चुकलं का?"

"तुमचं नाही," त्या म्हणाल्या. "'पुन्हा कर, जमेल' हे मीच तुम्हाला कधी म्हटलं नाही."