खोक्यातला

खटपट्याच्या खोलीत कुंडीला तहान लागली की वाजणारी घंटा होती. कुंडीतलं झाड कधीच गेलं होतं, घंटा मात्र अजून वाजायची. शून्य आणि एक एवढ्या दोनच आकड्यांत वेळ दाखवणारं घड्याळ होतं, त्यामुळे ते लावल्यापासून घरातले लोक किती वाजले ते खटपट्यालाच विचारत. शिवाय दोरीच्या गाठींची पुस्तकं, ग्रहांचे तक्ते आणि एक दुर्बीण. तिच्यातून आजवर समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी तेवढी नीट दिसली होती. पोटापाण्यासाठी तो औषधांच्या वेष्टनांवरचा बारीक मजकूर तपासायचा. उरलेल्या वेळात प्रोग्राम लिहायचा.

दाराजवळचं खोकं मात्र हौसेचं नव्हतं. बाबा हल्ली विसरायला लागले होते. आधी चष्मा, मग गॅस, मग गेल्या महिन्यात घर. दिवसभर सोबतीला कोणी नसायचं. दाराशी बोललेला शब्द खोकं ऐकायचं आणि खटपट्याच्या फोनवर कळवायचं. 'आलो', 'येतो', 'पोचलो' म्हणजे बाबा घरात. 'जातो', 'निघालो' म्हणजे बाबा बाहेर. ऐकून झालं की खटपट्याच्याच आवाजात 'बरं' म्हणायचं. चाचणी म्हणून त्याने दाराशी उभं राहून दोनशे वेळा 'जातो' म्हटलं होतं. शेवटी बाबा म्हणाले होते, "मग जा की."

बाबांचा खोक्यावर जीव जडला. "घरात तेवढं एकच जण माझं ऐकून घेतं," असं ते ताईला फोनवर सांगत.

त्या दिवशी बाराच्या सुमारास ऑफिसात फोनवर लागोपाठ तीन ओळी आल्या. बाबा घरात. बाबा घरात. बाबा घरात. एकदाही बाहेर न पडता बाबा तीन वेळा घरी आले होते. प्रोग्राममध्ये काहीतरी चुकलंय असं समजून खटपट्याने जेवणाच्या सुट्टीत दुरुस्तीही केली. तेच तेच पुन्हा कळवायचं नाही. मग तो समाधानाने जेवला.

चार वाजता ताईचा फोन.

"बाबा कुठेत?"

"घरात."

"फोन उचलत नाहीयेत."

"खोकं म्हणतंय घरात."

"तुझं खोकं गेलं खड्ड्यात. शेजारच्या काकू बघून आल्या. दाराला कुलूप आहे."

"पण बाहेर पडताना 'जातो' म्हणाले असते ना."

"अरे गाढवा, आपल्या घरातून आजवर कोण 'जातो' म्हणून बाहेर पडलंय?"

खटपट्या खुर्चीतून उठला. चष्मा राहिला, रुमाल राहिला म्हणून दोनदा मागे फिरून बाबा तीनदा 'येतो' म्हणाले असणार. आणि तिन्ही वेळा त्याचाच आवाज 'बरं' म्हणाला होता. आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द तपासणारा हा माणूस. दाराशी पोचून साहेबांना म्हणाला, "येतो," आणि स्वतःच्या तोंडचा शब्द ऐकून पळतच सुटला.

सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन म्हणाला, "काका दोनलाच परत आले की. मागच्या इमारतीत गेले. म्हटलं, असतील कोणाकडे."

मागची इमारत म्हणजे पुढच्या इमारतीची नक्कल होती. तोच जिना, तोच रंग, तिसऱ्या मजल्यावर तसंच दार. दाराशी बाबा उभे होते. किल्ली खरवडून कुलपाभोवतीचा रंग उडाला होता. बाबा दाराकडे तोंड करून म्हणाले, "आलो." मान तिरकी करून वाट पाहिली. पुन्हा म्हणाले, "आलो." किती वेळा म्हणून झालं होतं कोण जाणे, आवाज बसला होता.

"बरं," खटपट्या मागून म्हणाला.

बाबा वळले. त्याच्या चेहऱ्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, परक्याकडे पाहावं तसं, अदबीने.

"आवाज ओळखीचा आहे," ते म्हणाले. "तुम्ही खोक्यातले का?"

"हो," तो म्हणाला. "खोक्यातला."

"बरं झालं भेटलात." बाबांनी त्याचा दंड धरला. "चला, मला घरी सोडा. मुलगा वाट बघत असेल."