मधला आवाज

थोरलीनं शर्टाची बाही उलटली, इस्त्री उभी करून ठेवली आणि म्हणाली, "पुरे गं बाई, कळलं!"

पियानोवर धाकटीचे हात जागीच थांबले. उद्या संगीतशाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी चाचणी होती. गेल्या वर्षी याच लांबलचक, जुन्या फ्यूगच्या, एकमेकांत गुंफलेल्या तीन आवाजांच्या पाश्चात्त्य रचनेच्या, मध्यावर परीक्षक बाईंनी तिला थांबवलं होतं. "स्वच्छ वाजवता, पण ऐकून कंटाळा येतो," असं म्हणाल्या होत्या. वयाच्या अटीमुळे आता ही शेवटचीच संधी. म्हणून तर तिनं ताईला ऐकायला बसवलं होतं. ताई दातांची डॉक्टर. संगीतातलं तिला ओ की ठो कळत नसे, पण तोंडावर बोलायला ती कुणाच्या बापाला भीत नसे.

"काय कळलं?"

"ती सुरावट. आधी एका आवाजात येते, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. आणि दर वेळी तू ठणाठणा वाजवून सांगतेस, आली हो आली! अगं, मी काय बहिरी आहे?"

"फ्यूग असाच असतो, ताई. ती ओळखू यायला नको?"

"ओळखली की! पण ती चालू असताना बाकीचे दोघं काय करतात?"

"साथ."

"नुसती साथ? बरं, त्या मधल्याचं म्हणून दाखव बघू."

धाकटीनं तोंड उघडलं. मुख्य सुरावट तिला झोपेतही म्हणता आली असती. मधला आवाज पुढे कुठं वळतो ते मात्र फक्त बोटांना ठाऊक होतं. दोन-चार सुरांतच गाडी अडली. इतकी वर्षं वाजवतोय आणि हे आपण कधी ऐकलंच नाही, या विचारानं तिचा चेहरा पडला. ताईनं चिडवलं नाही. तिनं दुसरा शर्ट घेतला.

मग धाकटी एकेक ओळ धरून बसली. मधला आवाज गळ्यातून, बाकीचे बोटांतून. आधी चुकत, वैतागत. हळूहळू तिला ऐकू यायला लागलं. तो मधला कुठं कुरकुरत होता, कुठं उलट उत्तर देत होता, एका जागी तर चक्क रुसून गप्प बसला होता. तो पुन्हा तोंड उघडतो तिथं तिनं मुख्य सुरावट दबकत आणली आणि त्याला बोलू दिलं. संध्याकाळपर्यंत तिचा घसा बसला.

दुसऱ्या दिवशी चाचणी देऊन ती बाहेर आली तेव्हा ताई जिन्याशी उभी होती.

"थांबवलं?"

"नाही. शेवटपर्यंत वाजवलं."

"मग? काय म्हणाले?"

"काहीच नाही. बाहेर थांबा म्हणाले."

"मेले कोरडे!"

दोघी बाकावर बसल्या. थोड्या वेळानं दार उघडलं आणि गेल्या वर्षी तिला थांबवणाऱ्या परीक्षक बाई रिकामा कप घेऊन बाहेर आल्या. त्यांचं या दोघींकडे लक्षच नव्हतं. पाण्याच्या नळाकडे जाताना त्या स्वतःशीच गुणगुणत होत्या. मधलीच ओळ होती ती, एका सुरावर चुकलेली.

ताईनं कान टवकारले.

"ए, हे तर—"

धाकटीनं तिचा हात घट्ट दाबला.

"शू. म्हणू दे त्यांना."