मिरचीबाईचा शेवटचा सीन

पौषात लग्नं नसतात, म्हणून झुलालचा कॅमेरा रिकामा होता. नाहीतर मी कशाला जग वाचवायला गेले असते!

झुलाल हा आमच्या दोंडाईच्यात लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायचा. नवऱ्या-नवरीचे चेहरे बदामाच्या आकारात फिरवता फिरवता त्याच्या डोक्यात सिनेमा शिरला. गोष्ट त्यानेच रचली होती. आकाशातून एक दगड मिरचीच्या ढिगात पडतो आणि तिथे उभ्या असलेल्या माणसाच्या बोटांत अशी आग येते, की नुसतं बोट रोखलं तरी समोरचा उडून पडतो. दगड वीटभट्टीवरचा होता, चांदीचा रंग फासलेला. शास्त्रज्ञ खुद्द झुलाल, कंपाउंडरचा पांढरा कोट मागून आणलेला.

हीरो धुळ्याच्या तालमीतला आणला होता. मिरच्या वाळत घातलेल्या मैदानात तो छाती काढून उभा राहिला आणि जो शिंकायला लागला, तो एस.टी. स्टँडपर्यंत शिंकतच गेला. आम्ही बाया तिथेच देठ खुडत बसलो होतो. झुलालने आमच्याकडे वळून पाहिलं. मिरचीत बसून न शिंकता बोलणारी माणसं त्याला तेवढीच दिसत होती.

"तानू वहिनी, वाचता येतं ना तुम्हाला?"

"किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचते. अर्ध्याच गोष्टी असतात, पण वाचते."

अशी मी मिरचीबाई झाले. माझा नवरा भिकन याने चांदीचा कागद लावलेला थर्माकोल धरायचं काम घेतलं. ऊन माझ्या तोंडावर पाडायचं, एवढंच ते काम. झुलालने त्याला विचारलं, "भिकनभाऊ, चालेल ना वहिनींनी काम केलेलं?" तर म्हणतो, "घरात आहेच ती तशी. सिनेमातही असू दे."

घोडं अडलं खलनायकापाशी. खलनायक होते माझे जेठ, म्हणजे भिकनचे मोठे भाऊ अभिमन. त्यांच्यासारखा आवाज आख्ख्या तालुक्यात नाही. ते हसले की पत्र्यावरची कबुतरं उडायची. तापीचं सगळं पाणी शोषून दुसऱ्या ग्रहावर न्यायचं, असा त्यांचा बेत होता. अंगात ताडपत्रीचा झगा. पहिल्या दिवशी ते "हा हा हा" करत समोर आले आणि माझा हात आपोआप वर गेला. पदर नाकापर्यंत ओढून मी बाजूला वळून उभी राहिले.

आमच्याकडे रीतच तशी. जेठासमोर धाकट्या सुनेने तोंड दाखवायचं नाही, बोलायचं नाही, सावलीसुद्धा लागू द्यायची नाही. आणि जेठानेही मान खाली घालून कडेकडेने निघून जायचं.

"कट! वहिनी, जग बुडतंय!"

"बुडू दे. जेठ उभे आहेत."

परत घेतलं, परत तेच. शेवटी झुलालने कंपाउंडरचा कोट काढून जमिनीवर आपटला. तेव्हा भिकन थर्माकोलामागून म्हणाला, "अरे, राहू दे ना तोंड झाकलेलं. बाहेरच्या देशातले हे असले शक्तीवाले मुखवटा घालतातच की." झुलाल त्याच्याकडे बघतच राहिला. त्या दिवसापासून माझा पदर हाच मुखवटा. मी पदराआडून बोट रोखायचे, जेठ मान खाली घालून पडायचे, आणि धुळ्याला मशीनवर मिक्सिंग, म्हणजे तुकड्यांचं जोडकाम, होईल तेव्हा ते बदामाच्या आकारात फिरत नाहीसे होणार होते. तिथल्या मशीनमध्ये दुसरा आकारच नव्हता.

छोटं छोटं पडणं जेठांनी खपवून घेतलं. शेवटची लढाई आली तसे मात्र ते अडले. माझ्याशी बोलता येत नाही, म्हणून माझ्यासमोरच झुलालला म्हणाले, "मी नही पडनार. लहान भाऊनी बायको माले पाडी? बठ्ठा लोके हासतीन."

मग त्यांनीच नवा शेवट सांगितला. मिरचीबाईची शक्ती जाते, ती त्यांच्या पाया पडून माफी मागते आणि ते मोठ्या मनाने तापी परत करतात. झुलालने मान डोलावली. खलनायक निघून गेला असता तर सिनेमाच गेला असता.

मी भिकनला म्हटलं, "मग मी इतके दिवस बोट कशाला रोखलं?"

"तानू, सिनेमाच आहे तो."

"तुमच्या भावालाही सिनेमाच आहे ना? मग पडू दे. खऱ्यात वाकतेच मी, सणावाराला वाकते, पाहुणेरावळे आले की वाकते. एक जागा अशी असू दे, जिथे नाही वाकणार."

त्याने थर्माकोलाचा सुटलेला कागद परत चिकटवला.

शेवटचा दिवस उजाडला; दुसऱ्या दिवसापासून माघाची लग्नं लागायची होती. कॅसेटही संपत आली होती, म्हणजे परत घेणं नाही. देठ खुडणाऱ्या साऱ्या बाया हातातलं काम टाकून उभ्या राहिल्या. काहींनी पोरी आणल्या होत्या. जेठ कमरेवर हात ठेवून गडगडाटी हसले. आता मी वाकायचं होतं.

मी दोन्ही हातांनी पदर डोक्यावरून काढला आणि खांद्यावर टाकला.

थर्माकोल हलला. उजेड नेमका माझ्या तोंडावर आला. भिकनने मुद्दाम केलं की हात चुकला, हे मी अजून विचारलेलं नाही.

जेठांचं हसणं मध्येच तुटलं. जन्मभराची सवय, मान खाली गेली. ते कडेकडेने मागे सरकू लागले. मी बोट रोखलं आणि पुढे गेले. ते आणखी मागे. ताडपत्रीचा झगा पायात आला आणि ते मिरचीच्या ढिगात बसले.

"तापी इथेच राहील," मी म्हटलं. हा संवाद कुणी लिहिलेला नव्हता.

बायांनी जो गलका केला! त्यात जेठ उठले, लालेलाल, आणि कॅमेऱ्याकडे हात करून ओरडले, "पुसी टाक ते!"

झुलालचा अंगठा बटणावर गेला. मी मध्ये जाऊन उभी राहिले. सिनेमाबाहेर, आयुष्यात पहिल्यांदा, जेठांशी बोलले.

"भाऊ, पुसायचं तर पुसा. पण माझ्याकडे बघून सांगा."

त्यांनी ढिगाकडे पाहिलं. झुलालच्या चपलांकडे पाहिलं. मान जराशी वर आणली, तर नजर माझ्या जोडव्यांपर्यंत आली आणि तिथेच थांबली. शेवटी त्यांनी तोंड वळवलं आणि भिकनच्या थर्माकोलाला सांगितलं, "ऱ्हाऊ दे." मग झगा गोळा करून, शिंकत शिंकत, निघून गेले.

झुलालने कॅमेरा पोटाशी धरला आणि हळूच म्हणाला, "वहिनी, पदर घ्या आता. ते गेले, पण घरी आहेतच."

"घरीच चाललेय," मी म्हटलं, आणि तशीच भर बाजारातून निघाले. मागून भिकन येत होता, डोक्यावर थर्माकोल घेऊन.