शून्य नंबरचा ताप

कॉलेजच्या संगणक विभागात तज्ज्ञाच्या खुर्चीमागे एक पाटी होती: ‘बिघडण्याआधी तुम्ही शेवटचं काय केलंत?’ बावीस वर्षांत या प्रश्नाला त्याला एकच उत्तर मिळालं होतं. काही नाही. प्राचार्यांनी काही केलं नव्हतं, ग्रंथपालबाईंनी काही केलं नव्हतं, आणि ज्यांच्या कीबोर्डातून चहा ठिबकत होता त्या हेडक्लार्कनीही काही केलं नव्हतं. यावरून तज्ज्ञाचा सिद्धान्त असा, की जगातले बहुतेक बिघाड काही न केल्यामुळे होतात आणि लोकांनी अधूनमधून काहीतरी केलं तर यंत्रं जास्त टिकतील.

‘तज्ज्ञ’ हे नाव त्याला थोरल्या बहिणीने ठेवलं होतं, आणि ते कौतुकाने ठेवलं नव्हतं.

त्या शनिवारी तो ताईकडेच मुक्कामाला होता. घरामागच्या लांबट पत्र्याच्या शेडमध्ये ताईची हॅचरी होती: दोन कपाटं शेजारी ठेवावीत एवढं उबवणीचं यंत्र, आत नऊशे अंडी, आणि त्या दिवशी त्यांचा सतरावा दिवस. एकविसाव्याला पिल्लं निघायची. यंत्राच्या कपाळावर तळहाताएवढा एक लिनक्सवर चालणारा संगणक बसवलेला होता. तो दर अर्ध्या मिनिटाला आतली उष्णता बघायचा, साडेसदतीस अंशांच्या खाली गेली की हीटर चालू करायचा, वर गेली की बंद. सहा वर्षांपूर्वी तो तज्ज्ञानेच बसवला होता. तेव्हापासून त्याची कुणाकडेही तक्रार नव्हती, आणि हीच गोष्ट तज्ज्ञाला आल्यापासून खुपत होती. सहा वर्षं एकही अपडेट नाही म्हणजे काय?

सकाळी सात वाजता, दात घासता घासता, तो शेडमध्ये गेला आणि त्याने अपडेट चालू केलं. दोनशे चौदा गोष्टी नव्या झाल्या. संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला, पडद्यावर सगळी अक्षरं हिरवी आली. तज्ज्ञाने चूळ भरली आणि चहाला येऊन बसला.

“सकाळी सकाळी शेडमध्ये काय करत होतास?” ताईने विचारलं.

“काही नाही,” तज्ज्ञ म्हणाला.

सव्वाआठला शेडमधून धोक्याची शिट्टी वाजायला लागली; आकडा तासभर चढा राहिला की ती वाजायची.

ताई चहा तसाच टाकून धावली. तज्ज्ञ मागोमाग पोचला तेव्हा ती पडद्यासमोर उभी होती आणि पडद्यावर लाल आकडा होता. अठ्ठेचाळीस.

“अठ्ठेचाळीस,” ताई म्हणाली. “चाळिसाच्या वर गेलं की पिल्लं आतल्या आत शिजतात. तुला ठाऊक आहे ना?”

“दारं उघड,” तज्ज्ञ म्हणाला.

तिने यंत्राची दोन्ही दारं सताड उघडली, शेडच्या खिडक्या उघडल्या, कोपऱ्यातला पंखा ओढून अंड्यांवर रोखला. सकाळची गार हवा ट्रेंवरून फिरायला लागली. तज्ज्ञाने कीबोर्ड जोडला आणि कामाला लागला. एकामागून एक नोंदी उघडल्या, हीटरची फाईल तपासली, अपडेटने काय काय बदललं त्याची यादी काढली. यादी लांब होती. बोटं थांबत नव्हती.

“एकोणपन्नास,” ताई म्हणाली.

“दारं उघडी आहेत ना?”

“मी काय दारं लावून बसले असेन? पन्नास झाले बघ.”

हीटर बंद होता, हे त्याने तीनदा तपासलं होतं. हीटर बंद, दारं उघडी, पंखा चालू, आणि आतली उष्णता चढते आहे. असं निसर्गात होत नाही. लिनक्समध्ये होऊ शकतं, पण मग नेमकं कुठे होतंय ते शोधायला आणखी नोंदी वाचाव्या लागणार होत्या. तो आणखी जोरात वाचायला लागला. एक्कावन्न.

तेवढ्यात दाजी आले. ताईचे यजमान कमी बोलायचे, आणि जे बोलायचे ते बहुधा हवामानाविषयी असायचं. खालच्या ट्रेमध्ये एक काचेचं थर्मामीटर पडलेलं असे. संगणक येण्याच्या आधीपासूनचं. ते काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. दाजींनी ते उचललं, चष्मा कपाळावर चढवला, आणि बराच वेळ त्याच्याकडे बघितलं.

“तीस आहे,” ते म्हणाले.

“दाजी, ते जुनं आहे हो,” तज्ज्ञ वळून न बघता म्हणाला. “काचेचा काय भरवसा.”

“काचेला अपडेट येत नाहीत,” दाजी म्हणाले.

ताईने आधी पडद्याकडे बघितलं, मग काचेकडे. पडदा खरा असेल तर दारं उघडीच ठेवायला हवीत, नाहीतर अंडी शिजणार. काच खरी असेल तर दारं ह्या क्षणी लावायला हवीत, नाहीतर अंडी गारठणार. दोन्ही बाजूंना एकेक पुरुष होता आणि दोघांनाही पूर्ण खात्री होती, त्यामुळे त्यांचा काही उपयोग नव्हता.

तिने मधल्या ट्रेमधून एक अंडं उचललं, डोळा मिटला आणि अंडं पापणीवर टेकवलं. हाताला कष्टाने घट्टे पडतात, कपाळाला स्वतःचाच ताप असतो, पण पापणी खोटं बोलत नाही. यंत्रं नव्हती तेव्हा अंडी उबवणारी माणसं असंच करायची, आणि तिला हे तिच्या पहिल्या मालकिणीने शिकवलं होतं. तिने दुसरं अंडं टेकवलं. मग तिसरं.

“गार आहेत,” ती म्हणाली. “लावा दारं.”

“ताई, चुकलीस तर...”

“चुकले तर माझी अंडी. लाव म्हटलं ना.”

दारं लागली. दाजींनी संगणकाची तार हीटरपासून सोडवली आणि भिंतीवरचा जुना हाताचा खटका वर केला. हीटर गुणगुणायला लागला. ते काच दाराच्या फटीतून आत धरून स्टुलावर बसले: साडेसदतीसच्या वर गेलं की खटका खाली, साडेसदतीसच्या खाली आलं की वर. काम सोपं होतं. फक्त ते दर दोन मिनिटांनी करायचं होतं आणि पिल्लं निघायला चार दिवस होते.

तज्ज्ञाचे हात कीबोर्डवरून गळून मांडीवर आले. सकाळी सातपासून हीटर बंद होता. सव्वा तास बंद दारात, आणि वर अर्धा तास उघड्या दारात, पंख्यासमोर. पंखा त्याने लावायला सांगितला नव्हता, पण हे म्हणायची ही वेळ नव्हती.

“एक गंमत सांगू?” ताई पडद्याकडे बघत म्हणाली. तिच्या आवाजात गंमत नव्हती. “तू थांबलास तसा आकडा उतरला. अठ्ठेचाळीस झाला परत.”

“योगायोग असेल.”

“टाईप कर.”

त्याने केलं. पुन्हा सगळ्या नोंदी उघडल्या, शोधायला लावलं. एकोणपन्नास. पन्नास.

“थांब आता.”

तो थांबला. दोघं बघत राहिले. एकोणपन्नास. अठ्ठेचाळीस.

“हा ताप अंड्यांचा नाही,” ताई म्हणाली. “तुझ्या यंत्राचा आहे. तू त्याला कामाला लावलंस की त्याचं डोकं तापतं, आणि ते म्हणतं अंडी तापली.”

त्या संगणकाला दोन तापमापक होते, हे तज्ज्ञाला ठाऊक होतं. एक तारेने अंड्यांच्या मध्ये सोडलेला, दुसरा त्याच्या स्वतःच्या पोटातला. अपडेटनंतर दोघांची अदलाबदल झाली होती. संगणक स्वतःची कणकण मोजत होता आणि औषध म्हणून अंड्यांना गारठवत होता. कॉलेजात असे दोन विभागप्रमुख होते.

चूक कुणाची हे उघड होतं. लिनक्सची. अपडेट आलं, तापमापक उलटेपालटे झाले. तज्ज्ञाने आपला लॅपटॉप उघडला आणि बग नोंदवायचा फॉर्म काढला. कुणा सेवाभावी माणसाने त्या फॉर्मचं मराठी केलं होतं. ताई खांद्यावरून वाचत होती.

“‘दोषाच्या पुनरुत्पादनाचे टप्पे’,” तिने मोठ्याने वाचलं. “हे काय?”

“म्हणजे दोष पुन्हा कसा घडवून आणायचा ते. त्यांना तिथे बसून घडवून बघता आला पाहिजे.”

“आमच्याकडे पुनरुत्पादनाचा एकच टप्पा. एकवीस दिवस. लिही तसं.”

“ताई, मला लिहू दे.”

“आणि हे खाली. ‘दोष दिसण्यापूर्वी आपण काय केले होते?’” ती थांबली. “हं. काय केलं होतंस?”

दाजींनी खटका खाली केला. हीटर गप्प झाला.

“अपडेट,” तज्ज्ञ म्हणाला.

“मला तर म्हणालास काही नाही.”

त्यावर त्याने तक्रार जरा कडक लिहिली. आपल्या निष्काळजी बदलामुळे नऊशे जिवांना धोका उत्पन्न झाला आहे, असं वाक्य घातलं आणि पाठवून दिली.

उत्तर यायला अकरा मिनिटं लागली. तेवढ्यात दाजींनी पाच वेळा खटका हलवला. उत्तर देणाऱ्याचं टोपणनाव ‘कासव’ होतं. जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात हा माणूस तापमापकांचा तेवढा भाग फुकट सांभाळत होता. अंड्यांबद्दल वाईट वाटलं, असं त्याने आधी लिहिलं होतं. मग लिहिलं होतं की तापमापकांचे नंबर कायमचे नसतात. संगणक सुरू होताना हजेरी होते. जो आधी ‘हजर’ म्हणाला तो शून्य नंबर, नंतरचा एक. नव्या आवृत्तीत पोटातला आधी हजर होतो. नंबरावर विसंबू नये, नावाने हाक मारावी, हे सूचनापुस्तकात पहिल्यापासून आहे. तुमच्या प्रोग्रॅममध्ये नंबराने हाक मारली आहे का? आणि तो कुणी लिहिला आहे?

तज्ज्ञाने हीटरचा प्रोग्रॅम उघडला. चौदाव्या ओळीत लिहिलं होतं: शून्य नंबरला विचार. ओळीच्या शेवटी, सहा वर्षांपूर्वीची तारीख टाकून, लिहिणाऱ्याने स्वतःसाठी एक टीप सोडली होती: ‘तात्पुरतं. नंतर नीट करू.’

लिहिणाऱ्याची शैली त्याला लगेच ओळखू आली.

“काय लिहिलंय?” ताईने विचारलं.

त्याने पडदा तिच्याकडे वळवला. तिने वाचलं. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

“मग कर नीट,” ती म्हणाली. “नंतर झालंय आता.”

नंबर खोडून नाव लिहायला वीस सेकंद लागली. पडद्यावर छत्तीस पूर्णांक आठ आलं. दाजींच्या काचेतही जवळपास तेवढंच होतं. पण हजेरी संगणक सुरू होतानाच होत असल्यामुळे, तो बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय खात्री नव्हती. तज्ज्ञाने हे सांगितलं आणि बटणावरून हात काढून घेतला. ताईने मान हलवली. दाजींनी खटक्यावर हात ठेवला. पडदा काळा झाला, मग हिरवा, मग आकडा: सदतीस. त्याने दुसऱ्यांदा बंद करून सुरू केला. सदतीस. तिसऱ्यांदा. दाजी म्हणाले, “आता पुरे.”

यंत्र बरं झालं होतं. राहिली होती अंडी.

ताईने खिडक्या लावल्या, शेड अंधारी केली, आणि दाराजवळच्या सगळ्यांत खालच्या ट्रेमधून एक अंडं काढलं, जिथे गारठा सगळ्यांत जास्त लागला असणार. टॉर्चच्या तोंडावर ते धरलं. कवच नारिंगी उजळलं. आत काळी सावली, वरच्या टोकाला हवेची जागा, कडेला दोन-तीन रक्तवाहिन्या. सावली हलत नव्हती. तिने मनात तीसपर्यंत आकडे मोजले, ओठ हलताना दिसत होते. अंडं परत ठेवलं, दुसरं घेतलं. तेही स्तब्ध.

“मेलीत?” तज्ज्ञाने विचारलं.

“गारठ्याने गप्प होतात. गप्प म्हणजे मेलेलं नव्हे. मेलेलंही गप्पच असतं म्हणा.” तिने तिसरं उचललं. “टॉर्च धर.”

त्याने धरली. त्याचा हात थरथरत होता, त्यामुळे सावली हलल्यासारखी वाटत होती. ताईने त्याचं मनगट पकडून स्थिर केलं. मग मनगट स्थिर असताना हवेच्या जागेची कड आतून एकदा ढोसली गेली. थोड्या वेळाने पुन्हा. कुणीतरी झोपेत कूस बदलावी तशी.

ताईने अंडं अलगद ठेवलं, पुढचं घेतलं नाही. “आता त्यांना उबेत राहू दे. दार लाव.”

दुपारी तज्ज्ञाने फॉर्म पुन्हा उघडला. निष्काळजीपणाचं वाक्य खोडता येत नव्हतं, म्हणून त्याखाली लिहिलं: ‘दोष माझ्या चौदाव्या ओळीत होता. तक्रार मागे घेत आहे.’ कासवाने उत्तर दिलं की हरकत नाही, आणि पिल्लांचं काय झालं ते कळवावं.

बुधवारी तज्ज्ञ कॉलेजात होता. अकराच्या सुमारास ताईचा निरोप आला, नेहमीप्रमाणे नुसता आकडा: सातशे एकेचाळीस. नऊशेतून सातशे साठच्या आसपास निघतात, हे त्याला सहा वर्षांत पाठ झालं होतं. एकोणीस कमी. त्यांतली निसर्गाची किती आणि आपली किती, हे कुठल्याच नोंदीत सापडणारं नव्हतं. त्याने फॉर्म काढून कासवाला लिहिलं: सातशे एकेचाळीस निघाली. एकोणिसांचं सांगता येत नाही.

समोर हेडक्लार्क उभे होते. त्यांचा संगणक सकाळपासून सुरू होत नव्हता.

“शेवटचं काय केलंत?” तज्ज्ञाने सवयीने विचारलं.

“काही नाही हो. मी कशाला काय करतोय.”

तज्ज्ञाने समोरची खुर्ची ओढली.

“बसा,” तो म्हणाला. “मीही तेच केलं होतं.”