सोमाच्या नावावरचं सोनं

"बाई, तुमची मागणी काय आहे ते एकदा नीट सांगा," अधिकारी म्हणाले.

येसूबाईंनी पदर सावरला. महाडच्या कचेरीतल्या त्या खोलीत बाकांवर माणसं दाटीने बसली होती, काही दारात उभी होती.

"माजा नवरा चोर नव्हता. तेवडं लिवा, सायब."

"आये, मदतीचं बोल ना," बाजूला उभा असलेला त्यांचा मुलगा महादू हळूच म्हणाला. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याची पाळी बुडवून तो आईबरोबर आला होता.

साल एकोणीसशे त्र्याऐंशी. गोऱ्यांच्या कंपनीच्या काळात म्हैसूरकडच्या सोन्याच्या खाणीत राबलेल्यांच्या तक्रारी ऐकायला हे अधिकारी गावोगाव फिरत होते. मुकादमामागून पोलादपूरच्या डोंगरातली बरीच माणसं तिकडे गेली होती. काही खोकत परत आली, काही आलीच नाहीत.

सोमा गेला तेव्हा महादू रांगत होता. पुढच्या होळीला येतो म्हणाला होता. होळीला आले ते पोलीस. सोमा खाणीतलं सोनं घेऊन पळाला, असं कंपनीने कळवलं होतं. त्यांनी येसूची चूल उकरली, गोठा खणला, भाताची कणगी अंगणात ओतली. सापडलं काहीच नाही. पण गावाला एक गोष्ट मिळाली, आणि ती पुरून उरली.

महादूने जुनी सायकल घेतली, तेव्हा लोक म्हणाले, सोनं मोडलं वाटतं. त्याच्या लग्नाच्या बोलणीत सासऱ्याने हसत हसत, पण सोन्याचं विचारलंच. गावातल्या जमीनवाल्या मालोजींच्या शेतावर येसू लावणीला जायची, तर संध्याकाळी निघताना तिला पदर झाडून दाखवावा लागे. एकदा कोणीतरी घरामागे कमरेएवढा खड्डा खणून गेलं. सकाळी येसूने शिव्या दिल्या नाहीत. त्यात शेण टाकून भोपळ्याचा वेल लावला.

सोमाबरोबर खाणीत असलेला कुडपणचा चांगू पुढे परत आला. सोमा पळाला नाही, दगडाखाली गेला, असं तो वाडीत येऊन सांगत राहिला. लोक म्हणाले, हा भागीदार असेल. मग त्याने गावात सांगणं सोडलं. येसूकडे मात्र वर्षातून एकदा यायचा, बसायचा, भाकरी खाऊन जायचा.

"बाई," अधिकारी म्हणाले, "ती कंपनी आता नाही. तिचे साहेबही गेले. जुन्या कामगारांच्या घरच्यांना सरकार थोडी मदत देतं, ती तुम्हाला मिळू शकते. चोरीचा विषय काढू नका. इथे अंगठा द्या, म्हणजे तक्रार मिटली."

"आनि त्यांच्या दफ्तरात चोर तसाच ऱ्हाणार?"

"तो शब्द मला पुसता येत नाही."

"मग नको."

महादूचा चेहरा उतरला. "आये, जलमभर लोकांनी सोनं हाय, सोनं हाय करून टोचलं. एकदा तरी कायतरी हाती येऊ दे. छप्पर बग आपलं."

"टोचलं ते काय म्हनून रे? चोराचा पोर म्हनून ना? आता गप ऱ्हायाचं कबूल करून घेतलं तर त्यांचंच खरं झालं."

अधिकाऱ्यांनी महादूकडे पाहिलं, मग शेवटच्या बाकाकडे. "साक्षीला लिहिलेले कुडपणचे चांगू आलेत का?"

चांगू उठला. उभं राहायला त्याला वेळ लागला, बोलायला त्याहून जास्त. खाणीतली धूळ त्याच्या छातीत कायमची बसली होती. दोन शब्द बोलायचा, थांबायचा, मग पुढचे दोन.

"सकाळची पाळी हुती, सायब. सोमा म्होरं. मी पानी प्यायला मागं ऱ्हायलो. वरचा दगड करकरला... आनि खाली आला. वाट बंद. आमी उकराया लागलो." तो थांबला. येसूबाईंकडे न बघता म्हणाला, "आतनं ठोकत हुता त्यो."

येसूबाईंनी मान वर केली.

"पहारीनं ठोकत हुता. आमी हिकडनं ठोकायचो, त्यो तिकडनं. गोरा सायब आला. म्हनला, उकराल तर वरचं बी कोसळंल, काम बंद पडंल. आमाला वर हाकललं. दुसऱ्या दिशी तितं भिंत घातल्याली. मंग आमी आरडाओरडा करनार म्हनून... सोमा त्या दिशी कामाव आलाच नाय, म्हनले. चोरून पळाला."

येसूबाई चांगूकडे वळल्या.

"भावोजी," येसूबाई म्हणाल्या, "ठोकायचं तुमी कदी बोलला नाय."

"कसं बोलू गो, वयनी?"

"कवापोतूर ठोकत हुते?"

चांगू बोलायला गेला, पण त्याला खोकल्याची उबळ आली. महादूने पुढे होऊन त्याला धरलं, बाकावर बसवलं. मग तो टेबलाकडे आला आणि अंगठ्यासाठी ठेवलेला कागद त्याने अधिकाऱ्यांच्या दिशेने सरकवला.

"आमाला नको, सायब."

अधिकाऱ्यांनी तो कागद बाजूला ठेवला. "तुमचा दावा मंजूर होणार नाही," ते म्हणाले. "तुम्हाला खोटी आशा दाखवत नाही. पण यांनी जे सांगितलं ते मी लिहून घेतो, आणि सगळ्यांसमोर वाचतो."

त्यांनी लिहिलं, आणि उभं राहून वाचलं. सोमा पळाला नाही, खाणीत गाडला गेला. दारातल्या गर्दीत मालोजीही होते, जमिनीच्या कामाला आलेले. ते शेवटपर्यंत ऐकत उभे राहिले.

पुढच्या रविवारी येसूबाईंच्या बौद्धवाडीत सोमाचं पुण्यानुमोदन झालं. त्याचा फोटो नव्हता. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढेच फुलं वाहिली. वाडी सगळी जमली होती. वंदना चालू असताना मालोजींची बायको बनुबाई अंगणात येऊन उभी राहिली. सगळं आटोपल्यावर येसूबाई बाहेर आल्या.

"येसू," बनुबाई म्हणाली, "तुजा पदर झाडून घेयाचो गो आमी."

"घेयाचा खरा." येसूबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "उनात का उबी? आत ये. च्या घे."

बनुबाई क्षणभर घुटमळली. मग चपला काढून आत आली, वाडीतल्या बायकांमध्ये टेकली आणि तिने कप हातात घेतला.

दुपार उतरल्यावर चांगू निघाला. कुडपणची वाट चढणीची. महादू सायकलवरून जमेल तेवढं पोचवतो म्हणाला, पण चांगूने ऐकलं नाही. येसूबाई त्याची पिशवी घेऊन ओढ्यापर्यंत म्हणून निघाल्या आणि ओढा ओलांडून पुढे गेल्या.

चांगू थोडं चढायचा आणि झाडाला हात टेकून श्वास गोळा करायचा.

"जा गो मागं, वयनी. अंधार व्हईल."

"माजेच गुडगे भरून आलेत," त्या म्हणाल्या आणि दगडावर बसल्या. "बसू जरा."

त्यांचे गुडघे चांगले होते. चांगूचा श्वास जाग्यावर येईपर्यंत त्या खालच्या भातखाचरांकडे बघत राहिल्या. तो उठला तशा त्याही उठल्या, आणि त्याच्या मागे, त्याच्याच चालीने चढू लागल्या.